तिला जमत नाही, की आपण जमवत नाही?

ताईंनो, आपल्या गटात दिव्यांग बाया किती? विरार लोकलला दिव्यांगांसाठी राखीव डबा असतो. पण फलाटावर जायला जिनाच चढावा लागला, तर त्या डब्याचा उपयोग काय? आपल्या बैठकीचंही तसंच आहे. बैठक माडीवर घ्यायची आणि म्हणायचं, "तिला जमत नाही." अडचण तिच्या पायात नाही, आपण निवडलेल्या जागेत आहे. "बिचारी" म्हणून तिच्या कर्जाचं तिच्या भावाशी बोलणं, हाही भेदभावच.

२०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं धरली आहेत. चारचौघांत मुद्दाम अपमान केला तर किमान ६ महिने कैद आहे. 'उमेद'मध्ये दिव्यांगांचा गट ५ जणींचाही होतो. पण आपल्या गटाचं दारही तिला उघडं हवं. पुढची बैठक खाली अंगणात घ्या. बचत, कर्ज, सही, सगळं तिलाच विचारा.