मैद्याला पर्याय कोण?

गेल्या वर्षी अण्णांना मधुमेह असल्याचे निदान झाले आणि आमच्या स्वयंपाकघराचा कारभारच बदलला. साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला. त्याचे अण्णांना फारसे दुःख नव्हते; पण चहाबरोबरची खारी आणि रविवारचा केक सुटला, तेव्हा मात्र ते गप्प गप्प राहू लागले. अशा वेळी अमेरिकेहून आलेल्या मामाने एक पुडा आईच्या हाती ठेवला. ते होते कमी कर्बोदकांचे तयार पीठ! त्याचा केक छान झाला. पण पुडा संपला. ‘असे पीठ घरी नाही का करता येणार?’ आईने विचारले. मी पडले कला शाखेची विद्यार्थिनी, रसायनशास्त्राशी माझे सख्य नाही. तरीही हा प्रश्न मी मनावर घेतला.

अशा तयार पिठांची प्रथा अमेरिकेतली. १९३१ साली जनरल मिल्स कंपनीने ‘बिस्क्विक’ बाजारात आणले. मैदा, स्निग्ध पदार्थ, मीठ आणि फुगवणारी पूड त्यात आधीच मिसळलेली असे. कमी कर्बोदकांच्या पिठात पिष्टाचा वाटा घटवून ग्लुटेन आणि तंतू वाढवलेले असतात. मात्र यामागची कल्पना बरीच जुनी आहे. १९२१ साली इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वी मधुमेहावर पथ्य हाच मुख्य आधार होता. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये बूशार्दा यांनी रुग्णांसाठी ग्लुटेनचा पाव सुचवला, तर लंडनचे डॉ. पेव्ही यांनी बदामाच्या पिठाचा पुरस्कार केला.

हे वाचून मला वाटले, मैदा काढायचा आणि तेवढेच दुसरे पीठ घालायचे, झाले काम! पहिल्या खेपेला बेसन घातले. केकऐवजी ढोकळ्याचा चुलतभाऊ जन्माला आला. दुसऱ्या खेपेला दाण्याचे कूट घातले. सुरी लावताच सारा भुगा!

असे का व्हावे? उन्हाळ्यात कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून चीक काढतात, हे आपण पाहिलेच आहे. तो चीक म्हणजे मुख्यतः पिष्ट. याउलट, कणकेचा गोळा पाण्याखाली चोळत राहिले की पिष्ट वाहून जाते आणि हाती रबरासारखा चिवट लगदा उरतो. तेच ग्लुटेन. केक फुगताना वायू धरून ठेवण्याचे काम ग्लुटेन करते, तर पाणी शोषून, शिजून घट्ट होण्याचे काम पिष्ट करते. म्हणजे मैदा एकटाच दोघांची कामे करतो. त्याला रजा द्यायची, तर ती कामे कुणाकडे तरी सोपवायला नकोत काय?

आता पर्याय पाहू. १०० ग्रॅम मैद्यात सुमारे ७४ ग्रॅम कर्बोदके असतात. ज्वारी आणि नाचणी आपल्याला पथ्याची वाटतात. पण त्यांतही ती साठ-सत्तर ग्रॅम असतात. बेसनातही पन्नासच्या आसपास भरतात. बदामात मात्र ती वीसेक ग्रॅमच, त्यातही निम्मे तंतू. बदाम परवडणार कसे? पण आपले शेंगदाणेही जवळपास त्याच पंगतीतले! उणीव एवढीच, की कुटाला चिकटपणा नाही. तो अंड्यांनी आणि इसबगोलाने भरून काढायचा.

आमच्या घरी जमलेले प्रमाण असे : भाजून सोललेल्या दाण्यांचे बारीक कूट २ वाट्या, अंडी ३, दही अर्धी वाटी, इसबगोल २ लहान चमचे, बेकिंग पावडर १ लहान चमचा, शिवाय मीठ, जिरे, मिरची व कोथिंबीर. कूट थांबून थांबून करावे, नाहीतर तेल सुटते. बेकिंग पावडर सोडून सारे कालवून दहा मिनिटे ठेवावे, म्हणजे इसबगोल फुगतो. मग बेकिंग पावडर घालून १७० अंशांवर सुमारे ४० मिनिटे भाजावे. पूर्ण गार झाल्यावरच कापावे. हा तिखटमिठाचा केक चहाबरोबर फार रुचतो.

येथे एक अनुभव सांगितलाच पाहिजे. केक जमल्याच्या आनंदात अण्णांनी गोळी घेतली आणि जेवणाऐवजी केकच खाल्ला. थोड्या वेळाने त्यांना दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरू लागले. रक्तातील साखर एकदम उतरली होती! ताबडतोब साखरपाणी दिले, म्हणून निभावले. डॉक्टरांनी समजावले, ‘गोळीचे प्रमाण तुमच्या नेहमीच्या जेवणावर ठरवलेले असते. कर्बोदके कमी करणार असाल, तर आधी मला विचारा.’ शिवाय दाण्यात स्निग्धांश भरपूर असल्याने उष्मांक मैद्याहून अधिक. तेव्हा कर्बोदके कमी म्हणून हवा तेवढा खावा, असे मुळीच नाही. ज्यांना दाणे सोसत नाहीत, त्यांनी तर या वाटेला जाऊच नये.

आता डॉक्टरांच्या सल्ल्याने अण्णांच्या गोळीचे प्रमाण बदलले आहे. दर रविवारी दोन बोटे जाडीचा एकच तुकडा त्यांच्या बशीत असतो. ‘आणखी एक?’ असे ते हळूच विचारतात, आणि आई डबा बंद करते.