दूरदेशीची धूळ आणि गिरीजच्या वाड्या

वसई तालुक्यातील गिरीज हे हिरा डोंगरीच्या पायथ्याचे, वाड्यांचे गाव. अरबी समुद्र येथून जवळच आहे. दुपारचा खारा वारा व पहाटेचा मतलई वारा येथील बागायतदारांच्या चांगल्या परिचयाचा असतो. परंतु ह्या वाऱ्यांच्या वरच्या थरांत दुसरेही वारे वाहत असतात. ते शेकडो, प्रसंगी हजारो किलोमीटरवरून धूळ, धूर व अपायकारक वायू वाहून आणतात. त्यांचा माग कसा काढतात व त्याचा शेतीशी संबंध काय, हे ग्रामसेवकांनी व शेतकऱ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

२०२२ चा अनुभव

२३ जानेवारी २०२२ रोजी मुंबई व उत्तर कोकणात आकाश धुरकट झाले, दूरचे दिसेनासे झाले आणि वाहनांवर पांढुरकी भुकटी साचली. ही धूळ स्थानिक नव्हती. पाकिस्तानच्या रुक्ष प्रदेशात उडालेली धूळ जोरदार वाऱ्यांनी अरबी समुद्र व गुजरात ओलांडून येथवर आणली होती. कराचीपासून वसईचे सरळ अंतर सुमारे ८५० किलोमीटर आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याबरोबर धूळ निघाली, तर ती सुमारे एकवीस तासांत येथे पोहोचते. मार्च २०१२ मध्ये तर अरबस्तानातील धूळ अशीच समुद्र ओलांडून मुंबईपर्यंत आली होती.

हवेचा जमाखर्च

वसईच्या वाड्यांतील बावखलाचे उदाहरण घ्यावे. पावसाचे व झऱ्याचे पाणी किती आले, शिंपण्यास किती उपसले व उन्हाने किती आटले, हे ठाऊक असल्यास उद्या बावखलात किती पाणी राहील याचा अंदाज बांधता येतो. हवेचा हिशेब ह्याच रीतीने मांडतात. पृथ्वीभोवतीच्या वातावरणाचे आडवे-उभे असंख्य खण कल्पिले जातात. प्रत्येक खणात शेजारून वाऱ्याने किती धूळ व धूर आला, खालील कारखाने, वाहने, चुली, आगी व उघडी जमीन यांमुळे किती भर पडली, ही झाली जमा. किती पुढच्या खणात गेले, किती पावसाने धुतले गेले, किती आपोआप खाली बसले, हा झाला खर्च. उन्हामुळे काही वायूंचे रूपांतर होते, तेही हिशेबात धरतात. काही मिनिटांच्या अंतराने ही आकडेमोड संगणकावर पुन्हापुन्हा केली जाते. ह्यालाच गणिती प्रतिमान म्हणतात. वाऱ्याचा हिशेब उलट्या दिशेने केल्यास आलेल्या धुळीचे मूळ स्थानही शोधता येते. मूळ नोंदी अपुऱ्या असतील तर उत्तर चुकते; म्हणून ते उपग्रहांच्या व जमिनीवरील यंत्रांच्या नोंदींशी ताडून पाहावे लागते.

खंडाखंडांतील देवघेव

हे काम एका देशाने होण्याजोगे नाही. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या १९७९ च्या करारान्वये २००४ मध्ये एक आंतरराष्ट्रीय कार्यदल नेमण्यात आले. त्याने उत्तर अमेरिका, युरोप, पूर्व आशिया व दक्षिण आशिया ह्या चार प्रदेशांतील प्रदूषण आळीपाळीने २० टक्क्यांनी कमी झाले असे धरून इतरत्र काय फरक पडतो, हे अनेक प्रतिमानांनी काढून पाहिले. एका खंडातील प्रदूषण दुसऱ्या खंडात पोहोचते, हे त्यातून सिद्ध झाले. सूक्ष्म कणांच्या बाबतीत मात्र मोठा वाटा बहुधा जवळच्या धुराचाच असतो.

ह्या व्यवहारात आपला प्रदेश केवळ घेणारा नाही. १९९९ च्या हिंदी महासागर प्रयोगात असे दिसून आले की, हिवाळ्यात ईशान्येकडील वाऱ्यांबरोबर दक्षिण आशियातील धुराचा थर समुद्रावर दूरवर पसरतो.

पिकांचे नुकसान

धुळीने पानांची छिद्रे बुजतात व पानास प्रकाश कमी मिळतो. ओझोन वायू मात्र डोळ्यांस दिसत नाही. धुरातील वायूंपासून उन्हात तो तयार होतो, वाऱ्याने दूर जातो व पानात शिरून पिकाची वाढ खुंटवितो. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी इतरांच्या सहकार्याने केलेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील अंदाजानुसार २००५ मध्ये ओझोनमुळे भारतात सुमारे ३५ लाख टन गहू व २१ लाख टन भात यांचे नुकसान झाले.

काय करावे

१. धुळीची पूर्वसूचना मिळताच रोपवाटिका झाकून घ्यावी व औषधफवारणी पुढे ढकलावी.

२. धूळ ओसरल्यावर पानवेली, फुलझाडे व कोवळी रोपे सकाळी स्वच्छ पाण्याने हलकेच धुवावीत.

३. वाडीत काम करताना नाकातोंडावर फडके बांधावे. दम्याचा विकार असणाऱ्यांनी व लहान मुलांनी घरात थांबावे.

४. भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याऐवजी गादीवाफे करून चांगले कुजलेले शेणखत वापरावे. पालापाचोळा न जाळता त्याचे खत करावे.

परदेशातून येणारी धूळ गिरीजच्या शेतकऱ्यास अडविता येणार नाही. तिची आगाऊ सूचना मात्र त्यास उपयोगी पडेल. स्वतःच्या बांधावरचा धूर आवरणे सर्वस्वी त्याच्या हाती आहे, आणि त्याचा पहिला लाभ त्याच्याच घरास व पिकास होणार आहे.