कान पुन्हा पुन्हा का फुटतो?

"डॉक्टर, गेल्याच महिन्यात औषध झालं होतं, मग पुन्हा कान कसा फुटला?" चिंचवडपासून चाकणपर्यंत लहान मुलांचे पालक हा प्रश्न नेहमी विचारतात. मूल अशक्त आहे, अशी त्यांची समजूत असते. बहुतेक वेळा कारण वेगळेच असते.

नाकामागून मध्यकर्णाकडे एक नळी जाते. लहानपणी ती आखूड व आडवी असल्याने सर्दीतले जंतू सहज कानात शिरतात. त्यांत न्यूमोकोकस व हिमोफिलस इन्फ्लुएन्झा हे प्रमुख. कानातल्या हिमोफिलसला बहुधा कवच नसते. त्याच्या पृष्ठभागावरील प्रथिनांचे काही भाग बाहेर डोकावतात आणि शरीर मुख्यतः त्यांच्याविरुद्धच प्रतिपिंडे तयार करते. पण हे भाग वाणागणिक बदलतात. पुढच्या सर्दीत दुसरा वाण आला, की जुनी प्रतिपिंडे फारशी उपयोगी पडत नाहीत. चोराने दर वेळी सदरा बदलावा आणि पोलिसांनी जुनाच सदरा शोधत बसावे, तसा हा प्रकार!

म्हणून शास्त्रज्ञ लसीसाठी न बदलणारी प्रथिने शोधतात. 'प्रोटीन डी' हे त्यांपैकी एक. ते वापरलेल्या लसीच्या युरोपातील चाचणीत मध्यकर्णदाह सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाल्याचे २००६ साली प्रसिद्ध झाले. पूर्ण संरक्षण देणारी लस मात्र अजून नाही.

पेंटाव्हॅलंट लसीतील 'हिब' घटक मेंदूज्वर व न्यूमोनिया टाळतो, पण तो कवच असलेल्या 'बी' प्रकारावर चालतो. कवचहीन हिमोफिलसवर नाही. न्यूमोकोकसविरुद्धची पीसीव्ही लस महाराष्ट्रात २०२१ पासून सरकारी कार्यक्रमात मोफत मिळते : दीड, साडेतीन व नऊ महिन्यांना. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस १० प्रकारांवर आहे. जंतूचे प्रकार शंभराहून अधिक. तरीही ती चुकवू नये. कामानिमित्त गाव बदलले तरी लसीकरणाचे कार्ड जपावे.

आपल्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि देशात पेनिसिलीन बनू लागले. आज हिमोफिलसचे अनेक वाण पेनिसिलीन वर्गातील काही औषधे निकामी करतात. म्हणून उरलेले औषध मनाने देऊ नये.

कानात तेल घालू नये, बाळाला आडवे ठेवून बाटली देऊ नये, खोलीत विडी-सिगारेट ओढू नये. पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध द्यावे. कान दोन आठवड्यांहून अधिक वाहत असेल किंवा हाक मारूनही मूल वळत नसेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. नीट ऐकू आले नाही, तर मूल बोलायलाही उशिरा शिकते.