हैदराबाद : रेल्वे स्थानकापासून विमानतळापर्यंत

मराठवाड्यातील अनेक प्रवासी परदेशगमनासाठी हैदराबाद सोयीचे मानतात. मनमाडहून रात्री निघालेली अजंठा एक्स्प्रेस नांदेडमार्गे सकाळी काचीगुड्यास पोचते, तेव्हा दुपारचे विमान सहज मिळेल असे वाटते. हा हिशेब बेगमपेठच्या काळातला. तेथे रेल्वे स्थानक विमानतळानजीकच होते. मार्च २००८ मध्ये विमानसेवा शहराच्या दक्षिणेस शमशाबाद येथे गेली व तेथे विमानतळाचे स्वतःचे रेल्वे स्थानक नाही. उपनगरी गाडी उमदानगरपर्यंत नेते. पुढे रस्त्यानेच जावे लागते. सामान मोठे असता हा मार्ग स्वस्त खरा, पण सुखाचा नव्हे. त्यापेक्षा परिवहन महामंडळाची 'पुष्पक' बस किंवा टॅक्सी बरी.

वेळेची गणना उड्डाणापासून न करता नोंदणीची खिडकी बंद होण्याच्या वेळेपासून उलट करावी. आंतरराष्ट्रीय उड्डाणाची नोंदणी सामान्यतः १ तास आधी थांबते. विमान दुपारी २ चे असल्यास १ वाजता खिडकी बंद. रांगेसाठी २ तास व रस्त्यासाठी दीड तास धरल्यास रेल्वे स्थानक सकाळी साडेनऊलाच सोडावयास हवे, आणि यात गाडीचा विलंब धरलेला नाही. गाडी उशिरा आल्याने विमान चुकल्यास त्या तिकिटाची भरपाई रेल्वे देत नाही. म्हणून नोकरीवर रुजू होणाऱ्यांनी आदल्या दिवशीची गाडी धरावी.