उभ्या गाडीचा हिशेब

विजेवरची मोटार : लेखांक 7

विजेच्या मोटारीच्या चौकशीला निघालेला माणूस शोरूममध्ये पाय ठेवतो आणि विचारतो, ‘एका चार्जमध्ये किती जाते?’ समोरून एक दणदणीत आकडा येतो. माणूस मनातल्या मनात मुंबई-त्र्यंबकेश्वर जाऊन-येऊन मोजतो, आकडा त्यात बसतो आणि तरीही त्याच्या पोटातला गोळा काही जात नाही. हा गोळा अगदीच निराधार नाही. नेक्सॉनची पहिली विजेवरची आवृत्ती जानेवारी 2020 मध्ये आली तेव्हा तिचा प्रमाणित पल्ला 312 किलोमीटर होता. पुढे 45 युनिट क्षमतेच्या बॅटरीसाठी तो 489 झाला. पण रोजच्या रस्त्यावर बहुतेक ग्राहकांना 350 ते 375 मिळतील, असं कंपनी स्वतःच सांगते. ही तफावत लबाडीची नव्हे, परीक्षेच्या पद्धतीची आहे. प्रमाणनाची चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते. तिच्यात वेग नव्वदच्या वर जात नाही आणि सरासरी तर शहरातल्या रहदारीइतकीच राहते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे ताशी 80 वरून 110 वर गेलात की तो जवळजवळ दुप्पट होतो. तेव्हा शोरूममधला आकडा ऐकायचा, पण बेत त्यावर आखायचा नाही.

बेत कसा आखायचा ते दादर-त्र्यंबकेश्वरवरूनच पाहू. कसारा घाट चढून, इगतपुरीवरून पुढे घोटीला वळून अंतर साधारण 175 किलोमीटर भरतं. महामार्गाच्या वेगात, एसी लावून, युनिटमागे सात किलोमीटर धरले तर 25 युनिट झाले. आता चढ. त्र्यंबकेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे 720 मीटर उंचीवर आहे. चार माणसांसह सतराशे किलोची गाडी तिथवर उचलायला भौतिकशास्त्राच्या हिशेबाने सव्वातीन युनिट लागतात. वाटेतली गळती धरून चार. म्हणजे 45 पैकी 29 संपले, 16 उरले. परतीला उतार आहे, उतारावर गाडीची मोटारच जनित्रासारखी चालून बॅटरीत वीज भरते. सगळी परत मिळत नाही, पण दोनेक युनिट पदरात पडतात, म्हणून परतीचा खर्च 23. शिवाय पाच युनिट गाठीला हवेतच. एकूण 28 हवे, हाताशी 16, तूट 12 युनिटची. ज्या भीतीपायी लोक वर्षानुवर्षं गाडी घेणं पुढे ढकलतात, तिचं या सहलीपुरतं माप एवढं आहे : बारा युनिट.

घाटाचा धसका मात्र वेगळा असतो, कारण तो डोळ्यांना दिसतो. कसाऱ्याहून वर येताना जेमतेम दहा किलोमीटरमध्ये पडद्यावरचे सहा-सात टक्के उडतात आणि गाडी असाच वेग धरणार या समजुतीने माणूस घाबरतो. इगतपुरीनंतर तो वेग ओसरतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला, त्यावरून गेलं तर घाट चुकतो. चढ चुकत नाही, कारण बोगद्यानं वळणं कापली तरी उंची तेवढीच गाठावी लागते. जाता जाता एवढं सांगायला हवं की, विजेच्या जोरावर हा सह्याद्री चढण्यात नवीन काही नाही. जीआयपी रेल्वेची विजेची इंजिनं 1930 च्या सुमारास कसारा-इगतपुरी दरम्यान चढू लागली, तीही सदतीसाला एक अशा चढावर, आणि उतरताना ती वीज परत तारेत सोडत. त्यांच्या डोक्यावर अखंड तार होती, हा फरक मोठाच. मोटारीला तार नाही. तिला थांबावं लागतं.

चिंतेचा खरा विषय हा थांबा आहे. पेट्रोलच्या सवयीमुळे इंधन भरणं म्हणजे वाटेत थांबून, काम उरकून, पुढे निघणं असं आपल्या डोक्यात बसलं आहे. म्हणून विजेच्या गाडीसाठीही आपण वाटेवरची जलद यंत्रं मोजत बसतो. सरकारचंही तेच. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांत महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर 25 किलोमीटरवर चार्जिंगची सोय असावी असं म्हटलं होतं. ती हवीच. पण मोटार दिवसाचे बावीस-तेवीस तास उभी असते, आणि त्र्यंबकेश्वरला आलेली तर मुद्दाम उभी राहायलाच आलेली असते. दर्शनाच्या रांगेला गर्दीच्या दिवशी काही तास जातात. त्यापुढे कुशावर्तावर स्नान, जमलं तर गंगाद्वार, मग जेवण. नारायण-नागबलीला आलेला यजमान तर तीन दिवस गावातच असतो. तेवढा वेळ गाडी वाहनतळावर, भक्तनिवासाच्या आवारात किंवा गुरुजींच्या घरासमोर धूळ खात असते. गीझरला किंवा एसीला लागतो तसला पंधरा अँपियरचा साधा पॉवर पॉइंट तिला तासाला जवळपास तीन युनिट देतो. बारा युनिटची तूट म्हणजे चार तास. रांगेत उभं राहण्याचा आणि तूट भरण्याचा वेळ इतका जुळावा, यात गाडीची कर्तबगारी काही नाही. पण त्याचा उपयोग करून न घेणं हा करंटेपणा आहे. आणि नाशिकहून येणाऱ्याला तर हाही हिशेब नको : जाऊन-येऊन साठेक किलोमीटर, आठ-नऊ युनिट. वीसेक युनिटच्या छोट्या गाडीलाही ते जड नाही.

‘साधा पॉइंट’ म्हटलं की कोणी तरी लगेच पंख्याच्या बोर्डातून वायर ओढेल, म्हणून इथे जरा थांबायला हवं. तीन किलोवॅटचा भार सलग आठ तास वाहणं हे मिक्सर पाच मिनिटं फिरवण्यासारखं नाही. जुन्या वाड्यांत आणि स्वस्त लॉजमध्ये पॉवर पॉइंटला आतून बारीक वायर असते, सॉकेटच्या पकडी सैल झालेल्या असतात. तासाभरात प्लग हाताला चटका देतो आणि एक्स्टेन्शन बोर्ड असेल तर वितळतो. अर्थिंगची गत त्याहून वाईट. गाडीबरोबर येणारा चार्जर अर्थिंग तपासतो, ते नसेल तर लाल दिवा दाखवून वीज घ्यायलाच नकार देतो, आणि माणूस गाडीला दोष देत बसतो. चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर, तिला स्वतःचा एमसीबी, नीट अर्थिंग आणि सबमीटर : लॉजमालकाला खर्च एवढाच. बारा युनिटला पंधरा रुपयांच्या दरानं 180 रुपये घेतले तरी गिऱ्हाईक खूश, कारण तेवढ्या अंतराला पेट्रोलचे पाच-सहाशे रुपये होतात. यासाठी वीज विकण्याचा परवाना काढावा लागेल ही भीतीही नको. चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, हे ऊर्जा मंत्रालयानं एप्रिल 2018 मध्येच स्पष्ट केलं आहे.

आता आक्षेप. त्र्यंबकला पावसाळ्यात वीज जाते, मग काय? जाते, आणि कधी कधी तासन् तास जाते. म्हणूनच वर पाच युनिट गाठीला ठेवले. त्र्यंबकहून नाशिक तीसेक किलोमीटर आणि रस्ता एकंदर उताराचा. गाठीच्या चार-पाच युनिटात गाडी नाशिकला येते आणि तिथे जलद यंत्र मिळतं. ती यंत्रं बंद असतात, समोर डिझेलची गाडी लावलेली असते, प्रत्येक कंपनीचं ॲप निराळं आणि प्रत्येकाच्या पाकिटात आपले दोनशे रुपये अडकलेले, ही तक्रार मात्र शंभर टक्के खरी आहे. माझ्या मते आज विजेच्या गाडीविरुद्धचा सगळ्यात वजनदार मुद्दा पल्ल्याचा नसून या बेभरवशीपणाचा आहे. पण त्यातूनही निष्कर्ष तोच निघतो : ज्याला जलद यंत्राची गरज वाटेत एकदाच, तीही पंचवीस मिनिटांपुरती पडते, त्याचं एका बंद यंत्रानं फारसं अडत नाही. ज्याचा सगळा भार त्यांच्यावर आहे, त्याचा जीव टांगणीला लागतो. पावसात चार्जिंग करताना शॉक बसेल ही भीती मात्र सोडून द्यावी. गाडी आणि यंत्र यांची आधी आपसांत ओळख पटते, कनेक्टर आत अडकतो, मगच वीज सुटते. अर्थात हे धड बसवलेल्या यंत्राबद्दल. उघड्यावरच्या बोर्डात ओला प्लग खुपसणाऱ्याला कोणतंही तंत्रज्ञान वाचवू शकत नाही.

रहदारीत तासन् तास अडकलो तर? श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला किंवा पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला हा प्रसंग येतोच. अडकलेली विजेची गाडी इंजिन चालू ठेवून इंधन जाळत नाही. खर्च होतो तो एसीचा, तासाला एक ते दीड युनिट. पाच तास कोंडीत काढले तर सहा-सात युनिट गेले. काचा खाली केल्या तर जवळपास काहीच नाही, आणि त्र्यंबकच्या पावसाळी हवेत ते कुणाला जड जाऊ नये.

एका आक्षेपाला माझ्यापाशी उत्तर नाही. ज्याची गाडी रात्री रस्त्यावर उभी राहते, चाळीसमोर, जुन्या नाशकातल्या बोळात, किंवा अशा सोसायटीत जिथे समिती पॉइंटला परवानगी देत नाही, त्याच्यासाठी वरचा सगळा हिशेब मुळातच कोसळतो, कारण तो निघतानाच भरलेल्या बॅटरीनं निघू शकत नाही. सोसायटीशी भांडता येतं आणि भांडावं. रस्त्याशी भांडता येत नाही. अशा माणसानं पल्ल्याच्या मोठ्या आकड्याला भुलून जास्त बॅटरीची महाग गाडी घेऊ नये. रात्रीची जागा मिळेपर्यंत सीएनजी बरी. नागपूरहून 701 किलोमीटरच्या समृद्धीवरून ताशी 120 च्या वेगानं एका दिवसात येणाऱ्यानंही घड्याळ जरा सैल ठेवावं. राज्याच्या 2025 च्या धोरणात विजेच्या मोटारींना तिथे टोलमाफी आहे, पण वेगाचा टोल बॅटरी वसूल करतेच.

राहता राहिला सिंहस्थ. 2015 मध्ये खासगी गाड्या गावाबाहेरच्या वाहनतळांवर थांबवून भाविकांना बसनं पुढे नेलं होतं; ऑगस्ट-सप्टेंबर 2027 च्या अमृतस्नानांनाही खासगी गाडीला कुशावर्तापर्यंत कोणी सोडणार नाही. त्या वाहनतळांवर चार्जिंगची सोय करताना दोन-तीन झगमगीत जलद यंत्रं उभी करून फोटो काढण्याचा मोह होईल. त्याआधी एक हिशेब मांडून पाहावा. शंभर किलोवॅटच्या जोडणीवर पन्नास किलोवॅटची दोन यंत्रं बसतात. एका वेळी दोन गाड्या, आणि मागच्या प्रत्येक गाडीत नंबरची वाट पाहत बसलेला एक माणूस, ज्याचं स्नान त्यामुळे चुकतं. तेवढ्याच जोडणीवर तीन किलोवॅटचे तीसेक साधे पॉइंट बसतात. तीस गाड्या लावून तीस कुटुंबं बसमध्ये चढतात, आणि परत येईपर्यंत प्रत्येक गाडीत घरी जाण्यापुरती वीज आलेली असते.