दीर्घ आजार आणि पीएचडी : घरून काम करण्याची सोय कशी मागायची?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी विभागप्रमुखांकडे एक अर्ज दिला. एका वाक्याचा. 'माझी प्रकृती ठीक नसल्याने मला काही दिवस घरून काम करण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.' दोन दिवसांनी त्यावर शेरा आला, 'वैद्यकीय रजा घ्यावी.'

तेव्हा खूप राग आला होता. आज तो अर्ज काढून वाचते तेव्हा वाटतं, सरांनी दुसरं लिहायचं तरी काय? मी रजेच्या अर्जाची भाषा वापरली, उत्तर रजेचं आलं.

तुमच्यापैकी काही जण पुढच्या वर्षी संशोधनाला लागणार आहात. त्यातल्या काहींना आमवात, आतड्यांचा आजार, मायग्रेन, थायरॉइड, नैराश्य असं काही ना काही असेल, किंवा पाचसहा वर्षांच्या या प्रवासात होईल. मी जे चुकत चुकत शिकले ते तुम्हाला आधीच माहीत असावं, म्हणून हे लिहितेय.

रजा वेगळी, सोय वेगळी

मला रूमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. सोप्या भाषेत, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सकाळी उठल्यावर बोटं आणि मनगटं आखडलेली असतात. चांगल्या दिवशी अर्ध्या तासात मोकळी होतात, वाईट दिवशी साडेनऊ-दहा वाजतात. संध्याकाळी मला पाहिलंत तर आजारी म्हणणार नाही. हीच या आजाराची गोची आहे. तो दिसत नाही, आणि रोज सारखा नसतो.

रजा म्हणजे काम थांबवणं. ताप आला, ऑपरेशन झालं, तर रजाच हवी. पण दीर्घ आजार महिन्याभरात बरा होऊन जात नाही. मला काम थांबवायचंच नव्हतं, फक्त ते करण्याची जागा आणि वेळ बदलून हवी होती. शिवाय रजेवर गेलात तरी पीएचडीचं घड्याळ चालूच राहतं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार कोर्सवर्क धरून कमाल मुदत सहा वर्षं, आणि पुनर्नोंदणी करून आणखी दोन. महिलांना आणि ४० टक्क्यांपेक्षा जास्त अपंगत्व असणाऱ्यांना त्यावर दोन वर्षांची सवलत मिळू शकते. म्हणजे मुदत वाढते, पण फेलोशिप मुदतीबरोबर आपोआप वाढत नाही. रजेवर रजा घेत गेलात तर शेवटची वर्षं बिनपगारी जाण्याची शक्यता मोठी.

म्हणून नेमका शब्द माहीत हवा. तो आहे 'रीझनेबल अकॉमोडेशन', मराठीत वाजवी सोय. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये त्याची व्याख्या आहे. थोडक्यात सांगायचं तर, संस्थेवर अवाजवी बोजा न पडता, त्या विशिष्ट व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क वापरता यावेत यासाठी केलेले आवश्यक बदल. कायद्यात 'घरून काम' असं कुठे लिहिलेलं नाही. कोणाला काय लागेल हे व्यक्तीनुसार ठरायचं, हाच त्यातला मुद्दा आहे.

'पण माझ्याकडे ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र नाही,' असं तुम्ही म्हणाल. माझ्याकडेही नाही. आरक्षणासारख्या ठरावीक लाभांना ते लागतंच. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये 'विकास कुमार विरुद्ध यूपीएससी' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की वाजवी सोयीचा हक्क ४० टक्क्यांच्या अटीला बांधलेला नाही. तिथे प्रश्न परीक्षेत लेखनिक मिळण्याचा होता, घरून काम करण्याचा नव्हता. त्यामुळे 'कोर्टाने सांगितलंय, द्या' असं म्हणत विभागात शिरू नका. तुमची मागणी ही मेहेरबानी नाही, तिला आधार आहे, एवढं मनात पक्कं असलं तरी बोलताना आवाज बदलतो.

याच कायद्यात दिव्यांग व्यक्तीची जी व्याख्या आहे, तिच्यात एक फार उपयोगाची गोष्ट दडली आहे. दीर्घकालीन व्याधी ही *अडथळ्यांशी गाठ पडल्यावर* माणसाच्या सहभागाच्या आड येते, असं ती म्हणते. म्हणजे प्रश्न एकट्या शरीराचा नाही, शरीर आणि व्यवस्था जिथे अडकतात त्या जागेचा आहे. माझ्या पहिल्या अर्जात आजार होता (तोही मोघम). अडथळा कुठेच नव्हता.

आधी डेटा, मग मागणी

दुसरा अर्ज लिहिण्याआधी मी तीन आठवडे वही ठेवली. हात किती वाजता मोकळे झाले, विभागात किती वाजता पोचले, कुठलं काम किती वेळ केलं, कुठे अडलं. पंधरा दिवसांच्या नोंदी झाल्या आणि त्यांनी मलाच चकित केलं.

मला वाटत होतं की मला पूर्ण वेळ घरून काम हवंय. वही वेगळंच सांगत होती. पंधरापैकी नऊ सकाळी वाईट होत्या, पण दुपारी बारानंतर प्रयोगशाळेत मी पिपेट धरून पाण्याचे नमुने नीट तपासत होते. अडथळे दोनच होते. सकाळच्या गर्दीत दांडा धरून दोन बस बदलत केलेला दीड तासाचा प्रवास, आणि दहाची बायोमेट्रिक हजेरी. त्या प्रवासानंतर पुढचे दोन तास हात कामाचे राहत नव्हते. डेटाचं विश्लेषण आणि लेखन मात्र घरी, गरम पाण्यात हात शेकून सावकाश सुरू केलं की चांगलं होत होतं.

मग मागणीच बदलली. तीन दिवस प्रयोगशाळेत, बारा ते साडेसहा. दोन दिवस घरून विश्लेषण आणि लेखन. पूर्ण घरून काम मागितलं असतं तर नकार मिळाला असता, आणि तो रास्त असता, कारण नमुने तपासायचं यंत्र काही मी घरी नेऊ शकत नाही.

संशोधनाला निघालेल्या माणसाला हे नवीन नाही. आधी निरीक्षण, मग प्रश्नाची मांडणी, मग उपाय. आपण हे नदीच्या पाण्याला लावतो, स्वतःला लावत नाही इतकंच.

घरून काम होतं का? अभ्यास काय सांगतात

'घरी बसून कुठे काम होतं?' हे ऐकावं लागतंच. त्यासाठी दोन अभ्यास माहीत असू द्या. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी चीनमधल्या एका प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये प्रयोग केला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वेच्छेने तयार झालेल्या कर्मचाऱ्यांमधून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एक गट आठवड्याचे चार दिवस घरून, दुसरा कार्यालयातून. नऊ महिन्यांत घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. मोठा वाटा होता कमी सुट्ट्या आणि कमी विश्रांतीचा. ब्लूम यांचाच २०२४ चा अभ्यास त्याच कंपनीतल्या १,६१२ जणांवरचा आहे. त्यात दोन दिवस घरून काम केल्याने कामगिरी घसरली नाही, आणि नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं.

आता संशोधकाच्या नजरेने बघा. हे अभ्यास दीर्घ आजार असलेल्यांवरचे नाहीत, पीएचडीवरचे तर नाहीतच. कॉल सेंटरमध्ये फोन मोजता येतात, प्रबंधाचं प्रकरण तसं मोजता येत नाही. म्हणून अर्जात 'उत्पादकता १३ टक्क्यांनी वाढते' असं ठोकून देऊ नका. शिवाय २०१५ च्या अभ्यासातली दुसरी बाजू आपल्यालाही लागू पडेल अशी आहे. कामगिरी सारखी धरली तर घरून काम करणाऱ्यांना बढत्या कमी मिळाल्या, आणि प्रयोग संपल्यावर बरेच जण एकटेपणाला कंटाळून कार्यालयात परतले. नजरेआड गेलेल्याची आठवण कमी होते. याकडे मी पुढे येते.

अर्जात काय असावं

माझा दुसरा अर्ज एका पानाचा होता. त्यातला मुख्य भाग साधारण असा :

'मला दीर्घकालीन सांध्यांचा विकार असून उपचार चालू आहेत. सकाळच्या वेळी हातांची हालचाल मर्यादित असते, दुपारनंतर ती पूर्ववत होते. त्यामुळे सकाळचा प्रवास आणि दहाची हजेरी या दोन बाबींमध्ये अडचण येते. माझ्या कामापैकी नमुन्यांची तपासणी प्रयोगशाळेतच होऊ शकते, ती मी सोमवार ते बुधवार १२ ते ६.३० या वेळेत करीन. विश्लेषण, वाचन व लेखन गुरुवार-शुक्रवारी घरून करीन. दर शुक्रवारी झालेल्या कामाचा अहवाल मार्गदर्शकांना पाठवीन. ही व्यवस्था तीन महिन्यांसाठी मिळावी व त्यानंतर तिचा आढावा घ्यावा, ही विनंती.'

यात अडथळा कुठे आहे ते आलं. कामांची वाटणी आली. काम झालं हे कसं कळेल, ते आलं. आणि मुदत आली. त्या मुदतीचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. 'कायमचं द्या' म्हटलं की समोरचा घाबरतो, 'तीन महिने बघू' याला हो म्हणणं सोपं जातं.

डॉक्टरांच्या प्रमाणपत्राचंही असंच. माझ्या पहिल्या प्रमाणपत्रावर आजाराचं नाव आणि 'विश्रांतीचा सल्ला' एवढंच होतं. विश्रांती हा शब्द वाचल्यावर कोण कामाची सोय देईल? दुसऱ्या वेळी मी डॉक्टरांना वही दाखवली. ते म्हणाले, 'मग मला हे आधी सांगायचं ना.' या वेळी त्यांनी लिहिलं की सकाळी हालचालीवर मर्यादा आहेत, लांबचा उभ्याने प्रवास टाळावा, दुपारनंतर नेहमीचं काम करता येईल. डॉक्टरांना आपलं कामाचं ठिकाण माहीत नसतं. ते आपणच सांगायचं.

अर्ज देण्याआधी गाईडशी बोला. मी पहिला अर्ज मॅडमना न सांगता दिला होता, आणि त्यांना तो विभागप्रमुखांकडून कळला. ती चूक निस्तरायला महिना गेला. तोंडी बोलणं झालं की त्याच दिवशी मेल टाका, 'मॅडम, आज आपलं असं असं ठरलं.' माणसं बदलतात, विभागप्रमुखपदही फिरतं असतं. कागद राहतो.

आजाराचं नाव सगळ्यांना सांगायलाच हवं असं नाही. कार्यालयाला प्रमाणपत्र लागतं, गाईडला कामावरचा परिणाम कळायला हवा, लॅबमधल्या मित्रमैत्रिणींना 'गुरुवार-शुक्रवार मी फोनवर आहे' एवढं पुरतं. मी फक्त एका मैत्रिणीला सगळं सांगितलं. एकीला तरी सांगाच.

परदेशी जाणाऱ्यांसाठी थोडं. ब्रिटनमध्ये २०१० च्या इक्वॉलिटी ॲक्टखाली १२ महिने टिकलेला किंवा टिकण्याची शक्यता असलेला, रोजच्या कामांवर लक्षणीय परिणाम करणारा आजार असेल तर 'रीझनेबल ॲडजस्टमेंट' मागता येते. विद्यापीठातल्या डिसॅबिलिटी सर्व्हिसकडे आधी जा. मात्र तिथल्या खोलीवरून काम करणं वेगळं आणि पुण्याला येऊन काम करणं वेगळं. दुसऱ्यात व्हिसाचे नियम आडवे येतात, ते विचारल्याशिवाय तिकीट काढू नका.

मिळाल्यावर

मला सगळं मिळालं नाही. वेळ साडेअकराची मिळाली, बाराची नाही. घरून दोन दिवसांऐवजी आधी एकच. तीन महिन्यांनी शुक्रवारचे बारा अहवाल समोर ठेवले, तेव्हा दुसरा दिवस मिळाला.

काही गोष्टी गमावल्याही. गुरुवारच्या चहाला ठरलेल्या एका शोधनिबंधात मी नव्हते, कारण त्या चहाला मी नव्हते. आता प्रयोगशाळेच्या तीन दिवसांत मी मुद्दाम कोणाच्या तरी टेबलाशी जाऊन बसते. घरीही सगळं सोपं नाही. 'घरीच आहेस ना, मग जरा गॅसवाला येईल तेवढं बघ' हे वाक्य प्रत्येक घरात आहे, आणि मुलींच्या वाट्याला ते जास्त येतं. मी दाराला वेळापत्रक चिकटवलंय. आई ते वाचते आणि तरीही हाक मारते.

तुम्ही अजून प्रवेश घेतलेला नसेल तर एक काम आत्ताच करा. गाईड निवडताना विषय बघता, प्रकाशनं बघता. त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना हेही विचारा, 'कोणी आजारी पडलं तर इथे काय होतं?' उत्तर देण्याआधी समोरचा किती वेळ गप्प बसतो, ते नीट बघा.