पुलापलीकडची नोकरी, वऱ्हाडातले कागद

माझा भाचा अकोल्याचा. बडनेऱ्याच्या कॉलेजातून मेकॅनिकलमध्ये बी.ई. झाला, पुढच्या शिक्षणासाठी कॅनडातल्या विंडसरला गेला, तिथंच नोकरीला लागला आणि यथावकाश कॅनडाचा नागरिक झाला. विंडसरला लागून नदी आहे. नदीवर १९२९ साली बांधलेला अ‍ॅम्बेसेडर ब्रिज आणि पलीकडे अमेरिकेतलं डेट्रॉइट. तिथल्या मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीनं त्याला बोलावलं. ज्या परवान्यावर तो तिकडे कामाला जातो, त्याला टीएन म्हणतात. त्यासाठीचे इकडचे कागद जमवायचं काम माझ्याकडे आलं आणि त्यानंतर ओळखीतल्या इतर मुलांच्या फायलीही माझ्याकडे येत गेल्या.

शेजारी देशातल्या माणसाला कामाला येऊ द्यायच्या रीती वेगवेगळ्या असतात. अकोल्यात रात्री गस्त घालणाऱ्या नेपाळी गुरख्याला व्हिसा लागत नाही, कारण भारत-नेपाळचा १९५० चा करार. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोनं मात्र सुशिक्षित व्यावसायिकांपुरतं दार उघडलं. १ जानेवारी १९९४ ला नाफ्टा करार लागू झाला, १ जुलै २०२० ला त्याची जागा नव्या करारानं घेतली. टीएनची सोय दोन्हींत राहिली. त्यात साठहून अधिक व्यवसायांची यादी आहे: इंजिनिअर, अकाउंटंट, फार्मासिस्ट, नर्स वगैरे. विंडसरमध्ये राहून डेट्रॉइटच्या दवाखान्यांत ड्युटीला जाणाऱ्या नर्सेस याच परवान्यावर जातात.

आपल्याकडची मुलं एच-वन-बी या अमेरिकेतल्या कामाच्या व्हिसाच्या सोडतीकडे डोळे लावून बसतात. तिथं वर्षाला ६५,००० जागा, शिवाय अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांसाठी २०,०००, आणि साधारणपणे सहा वर्षांची मर्यादा. टीएनला सोडत नाही आणि कोटाही नाही. एका वेळी तीन वर्षांपर्यंत परवाना मिळतो आणि तो पुन्हा पुन्हा वाढवून घेता येतो. कॅनडाच्या नागरिकाला आधी वकिलातीत जावं लागत नाही. सीमेवरच्या अधिकाऱ्यासमोर कागद ठेवायचे आणि ५० डॉलर भरायचे. मेक्सिकोच्या नागरिकाला मात्र आधी व्हिसा काढावा लागतो.

पण ते कागद असे बिनचूक लागतात की त्यांची तयारी इथूनच नीट व्हावी लागते. अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ ला सुरू झालं. त्याआधी इथल्या शासकीय अभियांत्रिकीतून बाहेर पडलेल्यांच्या पदवीवर नागपूर विद्यापीठाचं नाव आहे. नंतरच्या काहींच्या गुणपत्रिकेवर ‘अमरावती विद्यापीठ’ आहे आणि आज काढलेल्या ट्रान्सक्रिप्टवर ‘संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ’. तपोवनाकडच्या आवारात ट्रान्सक्रिप्टसाठी अर्ज देताना मी सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका क्रमानं लावतो, एटीकेटीत सुटलेल्या विषयांच्या वेगळ्या गुणपत्रिकाही त्यात ठेवतो. एक सेमिस्टर राहिली की सगळी फाईल अडते. बंद लिफाफा हाती आला की त्याच्या तोंडावर सही आणि शिक्का आहे ना, हे तिथंच पाहून घेतो. कॅनडातली मूल्यमापन संस्था तो लिफाफा आपण फोडलेला चालवून घेत नाही.

सगळ्यात जास्त घोळ नावाचा. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. कुणाच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव आहे, कुणाच्या नाही. मुलीचं लग्नानंतर सगळंच बदललेलं. भाच्याच्या दहावीच्या सनदेवर आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ होता, पदवीवर दोन. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून फाईलला जोडलं.

पुलावर खरी मदार असते ती कंपनीच्या पत्रावर. भाच्यानं फोनवर सगळं सांगितलं. गाडी बाजूला लावून आत जायचं. अधिकारी पत्र वाचतो: व्यवसाय यादीतला कोणता, काम नेमकं काय, किती काळासाठी, शिक्षण कोणतं, पगार किती. मग पदवी पाहतो आणि विचारतो, ‘तू रोज करणार काय?’ पत्रात इंजिनिअर लिहिलं आणि उत्तरात टेक्निशियनचं काम निघालं, तर गाडी परत विंडसरला. पदवी, हुद्दा आणि काम एका सरळ रेषेत हवं. आपली चार वर्षांची बी.ई. इथं सहसा निभावते. तीन वर्षांच्या बी.कॉम.ला अमेरिकी पदवीची बरोबरी मिळेलच असं नाही, म्हणून अकाउंटंटनं आधी मूल्यमापन करून घेतलेलं बरं.

परवान्याच्या मर्यादाही घरात मोकळेपणी बोलायला हव्यात. तो तात्पुरता आहे. कायम राहायचा इरादा दिसला तर नाकारला जातो. सोबत जाणारी बायको किंवा नवरा टीडी या अवलंबितांच्या परवान्यावर शिकू शकतो, नोकरी करू शकत नाही. इथं इंजिनिअर झालेल्या सुनेनं हे लग्नाआधी ऐकलेलं असावं.

आणि सर्वांत मोठी गोष्ट: टीएन कॅनडाच्या नागरिकालाच मिळतो, तिथं नुसतं कायम वास्तव्य असलेल्याला नाही. परदेशी नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. पासपोर्ट जमा करायचा, भारतात येण्या-राहण्यासाठी ओसीआय कार्ड घ्यायचं. ते ऐकून मूर्तिजापूरकडे कपाशीचं शेत असलेल्या माझ्या बहिणीनं पहिलं विचारलं, ‘भाऊ, मंग वावराचं काय होईन?’ रास्त प्रश्न होता. ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं मात्र मिळू शकते. म्हणजे आईबापाचं शेत त्याच्याकडे येईल, पण धुऱ्याला लागून असलेले शेजारचे दोन एकर त्याला घेता येणार नाहीत. सातबारा समोर ठेवून आम्ही हे त्याच्याशी बोललो, तेही त्यानं नागरिकत्वाची शपथ घेण्याआधी.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. अकोल्या-अमरावतीच्या कॉलेजांनी शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्लेसमेंटसोबत आपले कागद कसे तपासायचे हेही शिकवावं: नावाचं स्पेलिंग, गुणपत्रिका, ट्रान्सक्रिप्ट. नावातली चूक इथं असताना विद्यापीठात आणि तहसीलला जाऊन दुरुस्त होते; तिकडून तीच करायला मामा, काका आणि सुट्ट्या लागतात. नागरिकत्वाचा निर्णय मात्र एकट्या मुलानं विंडसरमध्ये बसून घ्यायचा नसतो. त्यात आईबापाचं म्हातारपण आणि वावर दोन्ही येतं, तेव्हा तो घरच्यांसोबत बसून, सगळं माहीत करून घेऊनच व्हायला हवा.